बाक दिले, पाय ठेवून घेतले

करवतीचा आवाज मला गेटातच ऐकू आला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. आमचा टेम्पो आत यायचा म्हणून वाटेतल्या गुलमोहराच्या फांद्या छाटायला घेतल्या असतील, असा माझा समज. शनिवारची सकाळ, विद्यापीठाला सुट्टी, आणि मी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी ऐटीत बसलेली. अंधेरीच्या त्या विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली, पण गेटावरच्या वॉचमनने मला सलाम ठोकावा असा योग पहिल्यांदाच आला होता. टेम्पो आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याचा. एरवी तो पाण्याचे जार पोहोचवतो, त्या दिवशी माझे बाक न्यायला आला होता.

आम्ही इमारतीच्या मागे वळलो. गुलमोहर जागच्या जागी होता. त्याच्या सावलीत सागवानी बाक पाय वर करून ओळीने उलटे मांडले होते, आणि एक माणूस त्यातल्या एकावर गुडघा रोवून त्याचा पाय कापत होता.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, पाय कुजला असेल, दुरुस्ती चाललीय. केवढी भली माणसं, देताना दुरुस्त करून देताहेत! मग मी शेजारचा बाक पाहिला. त्याचाही मागचा डावा पाय वीतभर कापलेला. त्याच्या पलीकडच्याचाही. भिंतीला एक पोतं टेकवून ठेवलं होतं आणि त्यात ते कापलेले तुकडे भरले होते. मी टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिले.

हे बाक मला कशाला हवे होते, ते आधी सांगायला हवं.

माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्याच गल्लीत, चार दारं सोडून राहतात. त्या बालवाडीत शिकवायच्या. भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, गेले, मग नोकरीही संपली, तेव्हापासून त्या गल्लीच्या टोकाला मंडळाच्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतात. आमच्या डोंगरावरच्या घरांत मुलांना पाय पसरायला जागा नसते, अभ्यासाला कुठून असणार? दिवेलागणीला मुलं दप्तरं घेऊन त्या खोलीत येतात आणि सतरंजीवर बसतात. जाऊबाई त्यांच्यात मांडी घालून बसणार, बारक्यांचा हात हातात धरून अक्षर गिरवून घेणार, मोठ्यांच्या गणितात नाक खुपसणार. ही त्यांची पद्धत.

पण त्यांचे गुडघे गेले. एका संध्याकाळी त्या खाली बसल्या त्या त्यांना उठताच येईना. मुलांनी हाताला धरून ओढलं, मुलं हसली, त्याही हसल्या. मुलं गेल्यावर मी डबा द्यायला गेले तर बाई भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसणं बंद. मग त्यांनी खुर्ची घेऊन पाहिली. मुलं खाली, ह्या वर. वाकून वाकून कंबर धरली, आणि गिरवायला हात तर पोचेचना.

"माका असा हवालदारासारख्या बसूक जमूचा नाय गो," त्या मला म्हणाल्या. "दिवाळीपासून बंद करूया."

त्या हे सहज म्हणाल्या, भाजी संपली म्हणावं तसं. पण मी त्यांना ओळखते. ती खोली गेली तर ही बाई दिवसभर घरात बसून काय करणार? त्यांना हवे होते बाक. जिथे मुलंही वर आणि त्याही वर, एका फळीवर, खांद्याला खांदा लावून बसतील असे.

आणि त्याच महिन्यात आमच्या विभागाचा मोठा हॉल नवा करायला घेतला. तपासणीला कुठलीशी समिती येणार होती, म्हणून लांबलचक सागवानी बाक काढून त्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, हाताला लिहायची इवलीशी फळी असलेल्या. जुने बाक म्हणजे बसायची फळी आणि लिहायचं मेज एकाच सांगाड्यात जोडलेलं, हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही असं काम. ते मोडीत काढले होते. मी विचारलं, मोडीत म्हणजे जाणार कुठे? उत्तर आलं, देवनारला, डम्पिंगला. इतकं सहज, की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असं मला वाटलं.

मी आ वासून ऐकत राहिले. आमच्याकडे वारा फिरला आणि तिकडे कचऱ्याला आग लागलेली असली की देवनारचा धूर थेट घरात येतो. लग्न होऊन डोंगरावर आले तेव्हापासून मी त्या धुराला शिव्या घालत खिडकी लावतेय. त्यात सागवान जळत असेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग मी आमच्या विभागाच्या साहेबांच्या मागे लागले. मी मागे लागले की काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा. दोनतीन आठवडे टोलवाटोलवी झाली आणि शेवटी साहेब म्हणाले, "न्या ताई, अभ्यासिकेला देणगी म्हणून न्या, चांगलं काम आहे." मी घरी येऊन सगळ्यांना साखर वाटायचीच बाकी ठेवली. नवरा तेवढा हसला. "लोक डोंगरावरचा कचरा खाली नेतात," म्हणाला, "आमची ही खालचा कचरा वर चढवतेय." तेव्हापासून गल्लीत येताजाता तो मला भंगारवाली म्हणू लागला.

तर ते हे बाक. पाय वर केलेले.

"अहो, हे काय चालवलंय?" मी ओरडले.

स्टोअरकीपर समोरून हसत आले. सज्जन माणूस. प्रयोगशाळेतला बल्ब गेला तर मागायच्या आधी आणून देणारे. खास माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी आले होते.

"आलात मॅडम? झालंच बघा, शेवटचेच राहिलेत."

"पाय का कापताय त्यांचे?"

"नंबर," ते म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक टेबलाच्या, बाकाच्या मागच्या डाव्या पायावर खाली पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असतो. हे मला माहीत होतं, फरशी पुसताना तो नंबर मी हजारदा पाहिलाय. वस्तू मोडीत निघाली की नंबर परत स्टोअरमध्ये जमा व्हायला हवा. नंबर आत, वस्तू बाहेर. आणि नंबर पायावर, म्हणून पाय आत.

"मग खरवडून काढा की! काचेच्या तुकड्याने निघेल तो!"

"खरवडला तर राहिलं काय?" त्यांना खरंच कळेना. "जमा काय करू, भुगा?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते थट्टा करत असतील, आता हसतील, म्हणून मी वाट पाहिली. ते हसले नाहीत. उलट आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मॅडम, मोडीतली वस्तू धडधाकट गेटबाहेर जाऊन चालत नाही. एरवी आम्ही फळ्याच फोडतो. हे तुमचं काम, म्हणून मी सांगून ठेवलं होतं, एकच पाय कापायचा, तोसुद्धा वीतभरच, आणि जपून. बघा ना, एकाही बाकाला चीर गेलीय का?"

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी आता आभार मानणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चोरी केली असती, बाक परस्पर विकले असते, तर मला भांडता आलं असतं. हा माणूस माझ्यावर उपकार करून बसला होता. तरी मी बोलायचं ते बोललेच. अक्कल गहाण टाकलीत का, असंही म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "मी तर तुमच्या भल्यासाठीच..." एवढंच म्हणाले आणि रुमालाने मान पुसत राहिले.

मी साहेबांना फोन लावला. साहेब घरी होते, मागे टीव्ही चालू होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, समजा उद्या कुणी म्हणालं की हे बाक आपण एखाद्या क्लासवाल्याला विकले. मी काय उत्तर देऊ? कापलेला पाय दाखवला की प्रश्न मिटला."

"पण साहेब, त्यावर मुलं बसणार कशी?"

"ते तुम्ही बघून घ्या ना. लाकूड तर चांगलं आहे."

मी फोन ठेवला. साहेब सरळ माणूस आहेत, कुणाचा पाच पैशाचा चहा घेणार नाहीत. स्टोअरकीपर तसेच. म्हणजे इथे कुणीच काही खाल्लेलं नाही, आणि आपण खाल्लं नाही हे दाखवायला हे लोक भरल्या ताटात माती कालवतात. हे मला त्या दिवशी, त्या गुलमोहराखाली, पहिल्यांदा समजलं आणि मी हादरून गेले.

पलीकडे एक ट्रक भरत होता. तो थेट देवनारला. लाकडी कपाटं होती, त्यांच्या दारांना मुद्दाम भोकं पाडलेली. चित्रकलेचे बोर्ड मधोमध तोडलेले. एक गोल टेबल चार फाकांत. कुणीतरी घाम गाळून, व्यवस्थित, एकही वस्तू न विसरता हे सगळं निकामी केलं होतं. मी ते बघताना माझ्यासमोर शेवटच्या बाकाचाही पाय कापून झाला. नको म्हटलं तरी कापला, वॉचमन अख्खा बाक सोडेना. सागाचा ताजा वास सुटला. इतकी वर्षं जुनं लाकूड, आतून अगदी नवं होतं.

साकीनाक्याच्या गर्दीत टेम्पो अडकला तेव्हा टेम्पोवाला शेजारी मला म्हणाला, "वहिनी, बोला ना काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की भीती वाटते." मी जाऊबाईंना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

टेम्पो आमच्या पायऱ्यांपर्यंतच येतो. तिथून गल्लीतल्या माणसांनी बाक खांद्यावर घेऊन वर चढवले. खोलीच्या दारात जाऊबाईंनी रांगोळी काढली होती. हळदकुंकवाची कोयरी घेऊन त्या उभ्या होत्या, नवी सून यायची असावी तशा. मी काही सांगायच्या आत पहिला बाक आत ठेवला गेला. जाऊबाई पुढे झाल्या, त्याला कुंकू लावलं आणि टेकायला म्हणून त्यावर हात ठेवला. बाक धाडकन एका बाजूला कलंडला. मी धावले म्हणून त्या वाचल्या, नाहीतर गुडघ्यांबरोबर हातही गेला असता. कुंकू सगळं रांगोळीत सांडलं.

त्या वाकून बघू लागल्या. "ह्येचो पाय खंय गेलो गो?"

"ठेवून घेतला."

"कोणी?"

"विद्यापीठाने."

त्यांनी दुसरा बाक बघितला, तिसरा बघितला. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे बाकां दिल्यानी, आणि पाय ठेवन घेतल्यानी?"

आणि त्या हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. उचलून आणणारेही हसले. मला हसू येईना, मला रडू फुटलं, रागाने. तशा त्या थांबल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तू कशाक रडतंस? दिवाळीपर्यंत सतरंजी असाच. मगे बंदच करूचा होता मा."

गल्लीतला सुतार म्हणाला, ते तुकडे मिळाले तर पट्टी मारून जसेच्या तसे जोडून देतो, दुसरं लाकूड त्या मापाचं मिळायचं नाही. मला तेवढीच आशा वाटली. सोमवारी मेट्रोतून उतरले ती तडक स्टोअरमध्ये गेले. शनिवारचं बोलणं मनात होतं, म्हणून आवाज गोड केला. पोतं कोपऱ्यातच होतं.

"हे तुकडे द्या मला. तुम्हाला त्यांचं काय करायचंय?"

स्टोअरकीपरनाही शनिवारचं लागलं होतं, पण माणूस चांगला, राग धरून बसला नव्हता. "ऑडिटवाले मोजून बघतील ना मॅडम. तोवर हलवता येत नाहीत."

"बरं, ऑडिट झाल्यावर द्या. मी थांबते."

"झाल्यावर तेही मोडीत निघणार."

"मग तर देता येतील!"

त्यांनी नजर चुकवली. "मोडीत निघाले की त्यांचेही तुकडे करावे लागतात, मॅडम."

मी त्या पोत्याकडे बघत उभी राहिले. वर एक तुकडा होता, त्यावर पांढरा नंबर, ठसठशीत. कुठेही न उडालेला. मी तिथून निघाले. प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळ्या घासायला घेतल्या आणि त्यातली एक हातात फुटली.

त्या रात्री घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता.

"सांगितलं होतं ना, भंगार ते भंगार," तो म्हणाला. "मोठ्या लोकांच्या घरून काही आणायचंच नाही."

"तुमच्या वहिनीसाठी आणलं होतं," मी म्हटलं.

तो भात कालवत बसला. मला त्याचाही राग आला. ह्या माणसाला त्याच्या वहिनीने पोटच्या पोरासारखं वाढवलंय, आणि ह्याला काही वाटत नाही, असं मनाशी म्हणत मी भांडी आपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताना मी खोलीकडे जायचं टाळणार होते. पण आतून मुलांचा गलका ऐकू आला, पाढ्यांचा. मी दारात गेले आणि तिथेच थबकले.

बाक उभे होते. सगळे. नीट रांगेत, एकही हलत नव्हता, आणि प्रत्येकावर मुलं दाटीवाटीने बसलेली. मधल्या बाकावर, दोन बारक्यांच्या मध्ये, जाऊबाई बसल्या होत्या. एका मुलीचा हात हातात धरून 'झ' गिरवून घेत होत्या.

"बघ गो," मला पाहून त्या म्हणाल्या, "मी बसलंय." आणि मेजावर तळवा टेकून एका दमात उभ्या राहिल्या. "आणि उठतंय पण!"

मी खाली वाकून पाहिलं. कापलेल्या प्रत्येक पायाखाली विटा होत्या. साध्या विटा, पण कुठल्या नव्या आणलेल्या नव्हत्या. काही तेलरंगाने निळ्या रंगवलेल्या, काहींना जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, काहींना प्लास्टिकची पिशवी आणि वरून सुतळी. एके ठिकाणी लाकडाचा ठोकळा, त्यावर कुणाच्या तरी घरातल्या फरशीचं सिमेंट लागलेलं. मला त्या विटा ओळखू आल्या. आमच्या डोंगरावर कुणालाही ओळखू येतील. आमच्याकडे एकूणएक घरात खाट विटांवर चढवलेली असते. ट्रंक, तांदळाचा डबा, गणपतीचं सामान, सगळा संसार खाटेखाली मावतो तो त्या वीतभर उंचीमुळे. त्या विटा कुणी काढून देत नाही. त्या काढल्या तर संसार ठेवायचा कुठे?

"ह्या कुणी आणल्या?" मी विचारलं.

"दुपारपासून एकेक जण येऊन ठेवन गेलो," जाऊबाई म्हणाल्या. "मी बोलावक गेलंय नाय."

मी परत निघाले तर सगळ्या गल्लीत दारादारांत ट्रंका आणि डबे बाहेर आलेले दिसले. बायका त्यांना जागा शोधत होत्या. एकीने फक्त विचारलं, चहा घेणार का. विद्यापीठातला तो फोडलेल्या कपाटांचा ट्रक माझ्या डोळ्यांसमोर आला.

घरात नवरा दाराजवळ आमच्या मोठ्या ट्रंकेवर बसून पेपर वाचत होता. ट्रंक बाहेर कशी, हे माझ्या लक्षातही आलं नाही, इतकी मी सुन्न होते. मी नेहमीसारखी खाटेवर टेकायला गेले आणि खाट तिथे नव्हतीच. वीतभर खाली जाऊन मी दणकन आदळले. पर्स हातातून उडाली.

मी खाटेखाली हात घातला. चारही पाय जमिनीवर, खाली एकही वीट नाही.

त्याने पेपर खाली घेतला.

"बघतेस काय?" तो म्हणाला. "वहिनी नीट बसली का, ते सांग."

मी मान हलवली आणि त्याच्या शेजारी ट्रंकेवर जाऊन बसले.